काटा ०.७ वर, तरी बिअर मेलेली: डिचोलीतल्या एका ब्राइट टँकचं प्रकरण

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस अजून पुरता गेला नव्हता, पण किनाऱ्यावर शॅकांचे बांबू उभे राहायला लागले होते. म्हापशात एका आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमागे मी आडवा पडलो होतो आणि फोन वाजला. डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या ब्रुअरीचा ब्रुअर. पुण्याचा मुलगा, वर्षभरापूर्वी गोव्यात आलेला.

"काका, टाकीचं तापमान बरोबर आहे, प्रेशर बरोबर आहे आणि बिअरमध्ये गॅस नाही. चिलर बघून जाल का?"

तापमान बरोबर असेल तर चिलरवाल्याला कशाला बोलावतोस, असं मी विचारलं नाही. असा फोन करणाऱ्याचं बाकी सगळं करून झालेलं असतं. याचंही झालं होतं. साबणाचं पाणी लावून सगळे क्लॅम्प तपासले, गेज बदलून पाहिलं, टाकीतला कार्बोनेशन स्टोन (बारीक छिद्रांचा तुकडा, ज्यातून बिअरमध्ये गॅस सोडतात) काढून उकळून घेतला. शेवटी त्याने समुद्रसपाटीवर संशय घेतला होता. पुण्यात त्याला शिकवलेलं की तापमान-दाबाच्या तक्त्यातल्या आकड्यात थोडी भर घालायची, ती इथे घालत नाही म्हणून गॅस कमी पडत असेल. हिशेब उलटा होता. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, तिथली हवाच हलकी, म्हणून गेजवर दाब ०.०६ बार (बार हे दाबाचं एकक) जास्त ठेवावा लागतो. डिचोलीत तक्ता आहे तसा वापरायचा. समुद्रसपाटीला आल्याने गॅस वाढला असता, घटला नसता.

तक्रारी दोन होत्या आणि दोन्ही एकाच टाकीच्या. पणजीतल्या एका पबने दोन केग (बिअरची पिंपं) परत पाठवले होते: ओतल्यावर दिसायला बरी, दोन मिनिटांत मेलेली. आणि हंगामाच्या आधीच उघडलेला मोरजीचा एक बार म्हणत होता की नुसता फेस येतो, अर्धा केग मोरीत जातो. पहिली तक्रार आली तेव्हा ब्रुअरने टाकीचा दाब ०.८ बारवर नेला. दुसरी आली तेव्हा पुन्हा ०.७ वर आणला. मालक वैतागले होते. "मिस्त्री, गॅस जास्त आहे की कमी, एवढं एकच सांगा," ते मला दारातच म्हणाले.

मोरजीचं कोडं तिथेच सुटण्यासारखं होतं, म्हणून ते आधी मोकळं करतो. फेस दिसला म्हणजे गॅस जास्त, ही समजूत चुकीची आहे. फेसावरून कळतं ते एवढंच की गॅस घाईने सुटतोय. शिवोली-चोपड्याचा पूल ओलांडून उघड्या टेम्पोतून गेलेला केग तिथे तीस अंशांच्या खोलीत उभा होता. त्या तापमानाला तसल्या बिअरमधला गॅस आत धरून ठेवायला दोन बारच्याही वर दाब लागतो. बारवाल्याने लावला होता एक. म्हणजे गॅस नळीतच सुटणार, पेल्यात फेस पडणार आणि खाली राहणार ते मेलेलं. केग रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, नळीही गार ठेव, असं त्याला सांगितलं.

खरं प्रकरण टाकीत होतं.

ज्यांनी ब्रुअरी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. फर्मेंटरमध्ये यीस्टचं काम संपलं की बिअर ब्राइट टँकमध्ये येते. तिथे ती गार होते, गॅस घेते आणि तिथूनच केगात किंवा कॅनमध्ये भरली जाते. ही टाकी २००० लिटरची, वर साधारण ३०० लिटर मोकळी जागा, भोवती ग्लायकोलचं (शून्याखालीही न गोठणाऱ्या द्रवाचं) जॅकेट. गॅस किती विरघळला हे 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड (शून्य अंशाला आणि साध्या हवेच्या दाबाला मोजलेला) म्हणजे एक व्हॉल्यूम, वजनात सुमारे १.९६ ग्रॅम. यांच्या ब्लाँड एलला, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरला, २.५ व्हॉल्यूम हवे होते.

द्रवावर वायूचा दाब जितका जास्त तितका तो वायू जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलं. ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच्या जोडीची दुसरी गोष्ट लोक विसरतात: द्रव जितका गार तितका तो वायू जास्त धरतो. साधं पाणी घ्या. कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेइतकाच असेल तर शून्य अंशाला पाण्यात १.७ व्हॉल्यूम मावतो आणि वीस अंशांना त्याच्या निम्माच. म्हापशाच्या बाजारात लिंबू सोडा घेताना आपण बर्फातली बाटली मागतो ती जिभेला गार लागावी म्हणून. पण बर्फातल्या बाटलीत गॅसही टिकतो आणि उन्हातली बाटली उघडताच फसफसून रिकामी होते.

यांच्या शेडमध्ये पांढऱ्या फळ्यावर लाल मार्करने लिहिलं होतं: 'ब्राइट टँक – ०.७ बार'. पुढे तापमान नाही. मी प्रथम उभा राहिलो तो या फळ्यासमोर. ०.७ बारला बिअर दोन अंशांवर असेल तर २.५ व्हॉल्यूम मिळतात, बरोबर हवे तेवढे. पण तोच ०.७ शून्य अंशाला २.७ देतो, चार अंशांना २.३४ आणि सहा अंशांना जेमतेम २.१८. गेज चारही वेळा तेच दाखवणार. उलट बाजूने पाहिलं तर २.५ टिकवायला दोन अंशांवर ०.६९ बार लागतो, चारवर ०.८२, सहावर ०.९५, आठवर १.०८. अंशामागे साधारण ०.०६ ते ०.०७. तापमान न लिहिता दाब लिहिणं म्हणजे पत्त्यावर नुसता घर नंबर टाकण्यासारखं आहे.

अर्थात ब्रुअर म्हणत होता की तापमान दोनच आहे. पॅनलवर खरोखर २.० होतं. मी चहा मागवला आणि टाकीशेजारी स्टुलावर बसलो. चहा प्यायचा होताच, पण मला ऐकायचंही होतं.

टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. ग्लायकोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडत होता, बंद होत होता. घड्याळ लावलं. उघडा राहायचा मिनिटभर, बंद तीन-चार मिनिटं, पुन्हा उघडा. पॅनलवर आकडा २.० वरून २.४ वर चढायचा, व्हॉल्व्ह उघडला की झपकन खाली. माझ्या धंद्यात हे ऐकलं की कान टवकारतात. दोन हजार लिटर बिअर म्हणजे दोन टनांचा ऐवज. एवढ्या ऐवजाचं तापमान तीन मिनिटांत अर्धा अंश वर-खाली होत नाही. होत असेल तर सेन्सर बिअर मोजत नाही, दुसरंच काहीतरी मोजतोय.

सॅम्पल कॉक उघडून पहिली बिअर बादलीत जाऊ दिली, कारण कॉकची तोटी गरम असते आणि पहिला घोट खोटं बोलतो. मग स्टीलचा पेला भरून ओतून दिला, पेला गार झाला. तिसऱ्यांदा भरलेल्या पेल्यात माझा थर्मामीटर बुडवला. हा थर्मामीटर मी सकाळीच बर्फाच्या पाण्यात शून्याला लावून आणलेला असतो, ती माझी जुनी सवय. आकडा थांबला ६.१ वर.

सेन्सर टाकीच्या पोटात गेलेल्या एका बंद नळीत बसवलेला असतो, तिला थर्मोवेल म्हणतात. नळीच्या तोंडाशी वायरवर घट्ट बसणारी रबरी ग्लँड पार कडक होऊन चिरली होती. धुलाई करताना कोणाच्या तरी हाताने वायर ओढली गेली असणार. सेन्सर वीतभर मागे सरकून थेट इन्सुलेशनच्या जाडीत, जॅकेटच्या कडेला येऊन थांबला होता. त्यात आपली पावसाळी हवा. नळीत दव साचून चमचाभर पाणी झालेलं, ते जॅकेटचा गारवा सेन्सरपर्यंत आणून पोचवत होतं. जॅकेटमध्ये उणे तीन अंशांचं ग्लायकोल आलं की सेन्सरला वाटायचं, झालं काम, आणि व्हॉल्व्ह बंद. बिअर मात्र सहावर तशीच.

नळी पुसली, थर्मल पेस्ट भरली, सेन्सर तळाला टेकेपर्यंत आत सारला आणि ग्लँडच्या तोंडाशी वायरवर लाल टेपचा वेढा दिला. पुन्हा सरकला तर टेप लांबूनही दिसेल. पॅनलवरचा आकडा २.० वरून ३, ४ करत ६.० वर जाऊन थांबला. ब्रुअरचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. व्हॉल्व्ह उघडला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद झाला नाही.

मालकांचा प्रश्न त्यावेळी मला खोडसाळ वाटला, आता वाटत नाही. "मिस्त्री, सहा अंशांना ०.९५ ठेवला की २.५ मिळतात म्हणता. मग तेच करू. चिलरचं बिल तरी वाचेल." तक्त्याच्या हिशेबाने ते बरोबर होते. गॅसला फरक पडत नाही, दोन्हीकडे २.५. फरक पडतो तो भरताना. कॅन उघड्या तोंडाने भरत असतो, तिथे दाब एकदम सुटतो. दोन अंशांची बिअर शांत राहते, सहा अंशांची उसळते आणि कॅनमधून फेसाबरोबर बिअर आणि गॅस दोन्ही सांडतात. शिवाय शून्याच्या जवळ ठेवलं की जी गढूळता टाकीतच तळाला बसते, ती सहावर बसत नाही आणि मग गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये उगवते. चिलरच्या बिलापेक्षा सांडलेली बिअर महाग पडली असती. हे त्यांना पटलं, कारण आकडा रुपयांत होता.

आता माझी चूक.

त्याच दिवशी ब्रुअरने झाम-नॅगल काढून ठेवलं होतं. बिअरचा नमुना दाबाखाली बंद करून हलवायचा, काटा आणि तापमान वाचायचं, तक्त्यावरून व्हॉल्यूम काढायचे, असं ते उपकरण. त्यात २.० आले. तक्त्याप्रमाणे सहा अंश आणि ०.७ बारला यायला हवे होते २.१८. मला ते दिसलं होतं. मी म्हटलं, उपकरण जुनं आहे, रबर झिजलंय, एवढं इकडेतिकडे होणारच. सहा अंशांचा मोठा मासा हातात आला होता, बारक्या माशाकडे कोण बघतो. बिल केलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. नवी बॅच, तापमान खरोखर दोन अंश, त्याने स्वतः पेल्यात थर्मामीटर घालून पाहिलेलं. काटा ०.७ वर. झाम-नॅगलवर २.३. हवे होते २.५. पुन्हा तोच ०.२ चा खड्डा. उपकरण बिचारं दोन्ही वेळा खरं बोलत होतं.

या वेळी मी टाकीकडे न जाता रजिस्टर मागितलं. रोज सकाळी सातची नोंद: ०.७०, ०.७०, ०.७०, ०.७०. ब्रुअरने ०.८ वर नेलेले दिवस सोडले तर एक ओळ ०.६८ नाही, एक ०.७३ नाही. खऱ्या टाकीचा काटा इतका शिस्तीचा नसतो. गोव्यात पावसात वीज जाते, बिअर थोडी गरम होते, काटा चढतो. वीज येते, उतरतो. चार महिने एकाच आकड्यावर बसलेला काटा कोणीतरी बसवलेला असतो.

रात्रपाळीचे मामा वाळपईकडचे, पन्नाशीचे, कामाला चोख. त्यांना म्हटलं, मामा, रात्री काय काय करता ते मला करून दाखवा. त्यांनी दाखवलं. संध्याकाळी स्टोनला गॅस सुरू करायचा. तासाभरात काटा ०.७ वर येतो. मग सिलिंडर बंद. सकाळी काटा ०.४५ च्या आसपास दिसतो, मग दहा मिनिटं पुन्हा गॅस सोडायचा, ०.७ आला की रजिस्टरात लिहायचं. असं दोन दिवस.

"सिलिंडर रात्री बंद का करता?"

मामा ब्रुअरकडे बघायला लागले. मग सांगितलं. मार्चमध्ये एका क्लॅम्पमधून गळती होऊन रात्रीत सिलिंडर रिकामा झाला होता आणि सगळ्यांसमोर बोलणी त्यांना बसली होती. तेव्हापासून ते सिलिंडर उघडा टाकून झोपत नव्हते. गळणारा क्लॅम्प नंतर बदलला गेला, पण हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. फळ्यावर ०.७ लिहिलं होतं, ते ०.७ आणून देत होते.

गोम अशी की गेज टाकीच्या डोक्यावर असतो. तो मोजतो वरच्या ३०० लिटर मोकळ्या जागेतला दाब, खालच्या २००० लिटर बिअरमधला गॅस नव्हे. दोन्ही एकमेकांशी जुळलेले असतील तेव्हाच काट्यावरून बिअरचं कळतं. स्टोनमधून गॅस जोरात सोडला की बुडबुड्यांतला बराच भाग विरघळायच्या आधीच वर पोचतो, वरची जागा भरते आणि काटा ०.७ दाखवतो. बिअर अजून भुकेली असते. रात्रभर ती वरचा गॅस हळूहळू ओढून घेते, म्हणून सकाळी काटा पडलेला. पण वर आहेच किती? ३०० लिटर जागेत ०.७ बारने भरलेला जादा गॅस सुमारे २०० लिटर. आणि बिअरला लागतात किती? वीस अंशांना आंबवलेल्या या एलमध्ये आधीचे साधारण ०.८५ व्हॉल्यूम असतात. तिथून २.५ पर्यंत म्हणजे १.६५ व्हॉल्यूम, गुणिले २००० लिटर: ३३०० लिटर गॅस. सकाळच्या दहा मिनिटांत काटा वर येत होता, बिअर नाही.

वजनाने ताळा करायचा म्हणून मी ब्रुअरला सिलिंडर काट्यावर ठेवून रोज वजन लिहायला लावलं होतं. ३३०० लिटर म्हणजे सुमारे साडेसहा किलो, वरची जागा भरायला आणखी चारशे ग्रॅम. एकूण सात किलोंच्या आसपास जायला हवे होते. या बॅचला सिलिंडर सहा किलोंनी हलका झाला होता. २.३ व्हॉल्यूमला हिशेबाने तेवढेच लागतात. गॅस कुठेही गळत नव्हता. टाकीत गेलाच नव्हता.

उपाय अगदी किरकोळ निघाला. रेग्युलेटर एकदा लावायचा आणि हात काढून घ्यायचा. लावायचा किती? टाकीत हवे ते ०.७ बार, अधिक बिअरच्या उंचीचं वजन, जे मीटरमागे ०.१ बार असतं (स्टोनवर १.८ मीटर बिअर, म्हणजे ०.१८), अधिक स्टोनच्या बारीक छिद्रांतून गॅस ढकलायला लागणारा दाब. हा शेवटचा आकडा स्टोन बादलीत पाण्याखाली धरून काढला. पहिले बुडबुडे ०.२५ ला सुटले. बेरीज १.१३. एवढ्यावर ठेवला की गॅस संथपणे जातो, बिअरला जेवढा हवा तेवढा घेते आणि जुळलं की आपोआप थांबते. वरची जागा ०.७ च्या वर चढायचं कारणच उरत नाही. रिकाम्या झालेल्या सिलिंडरची भीती घालवायला मी मामांसमोर सगळ्या क्लॅम्पांवर साबणाचं पाणी फिरवलं. एकही फुगा आला नाही. शेडचं दार मात्र पावसात घट्ट लावून झोपू नका, हेही सांगितलं. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, फरशीलगत साचतो आणि जमिनीवर पथारी टाकणाऱ्यालाच आधी गाठतो. मालकांनी त्याच आठवड्यात हवेतला हा गॅस मोजणारा मीटर आणून खाली, गुडघ्याच्या उंचीवर बसवला.

आणि झालं की नाही हे कसं ओळखायचं? संध्याकाळी गॅस बंद करा, काटा लिहा. सकाळी काहीही न सोडता पुन्हा लिहा. पडला असेल तर बिअर अजून खातेय. तिथेच असेल तर पोट भरलं.

तिसऱ्या बॅचला झाम-नॅगलवर २.४८ आले. पबकडून केग परत आले नाहीत. मोरजीवाला अजूनही अधूनमधून फेसाचं रडतो, पण तो केग फ्रिजमध्ये ठेवत नाही, मासे ठेवतो.

लाल मार्करचा ०.७ पुसला गेला. तिथे आता दोन रकान्यांचा तक्ता आहे, तापमान आणि दाब. डिसेंबरात ग्लायकोल बदलायला गेलो तेव्हा सवयीने रजिस्टर उघडलं. मामांचं अक्षर तेच, आकडे सगळे विस्कटलेले: ०.७१, ०.६९, ०.६८. मध्येच एक ओळ: 'वीज रात्रभर नाही. तापमान २.८, काटा ०.७४. गॅस सोडला नाही, काढलाही नाही.' खालच्या ओळीत दुसऱ्या दिवशीची नोंद: '२.०, ०.६९.'